कागदाचे मासे आणि वर्तमानपत्राची शिरस्त्राणं : जपानचा ५ मे

रानजाई | २६ एप्रिल

नमस्कार मंडळी,

तोक्योत निशी-कासाईला येऊन आम्हाला सात वर्षं होतील. लेक इथल्या होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र असते तिथे, सर्वांत मोठ्या वर्गात आहे. सांगलीला माझी वहिनी दर मे महिन्यात दहा दिवसांचं उन्हाळी शिबिर घेते. या वर्षी तिने विचारलं, "तुमच्याकडे ५ मेला मुलांचा सण असतो ना, त्यातलं काही आमच्या पोरांना करायला देता येईल का?" फोनवर सांगता सांगता तास गेला, तेव्हा म्हटलं इथेच लिहावं. शिक्षक मंडळी इथे बरीच आहेत, भर घालतील.

५ मे हा जपानमध्ये 'कोदोमो नो हि', मुलांचा दिवस. त्या दिवशी सुट्टी असते. २९ एप्रिलला एक सुट्टी, मग ३, ४ आणि ५ मे अशा सलग तीन, त्यामुळे त्या दिवशी शाळेत कोणी नसतंच. शाळेतला सण होतो तो त्याआधीचा सगळा एप्रिलभर, आणि तो हातांनी होतो. इथे शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नवा वर्ग, नवी सेन्सेई म्हणजे बाई, आईला घट्ट धरून रडणारी पोरं. अशा दिवसांत त्यांच्यापुढे कागद, रंग आणि डिंक येतो आणि 'कोइनोबोरी' करायला घेतात.

कोइनोबोरी म्हणजे कोइ माशाच्या आकाराची, आतून पोकळ, वाऱ्यावर फुगणारी पताका. उंच काठीला सर्वांत वर बाणांचं चाक, त्याखाली पाच रंगांच्या झिरमिळ्यांची नळी, मग मोठा काळा मासा, त्याखाली लाल, त्याखाली निळा. काळा बाबा, लाल आई, निळं लेकरू. पूर्वी लाल मासा मुलांचा होता, आई त्यात नंतर आली. मासाच का, तर चीनमधल्या पीत नदीचा धबधबा उलटा चढून जो मासा 'ड्रॅगन दरवाजा' पार करतो तो ड्रॅगन होतो, अशी जुनी कथा आहे. मुलाने तसं प्रवाहाविरुद्ध पोहावं, ही आईबापांची इच्छा.

आमच्या होइकुएनमध्ये प्रत्येक वयाचा मासा वेगळ्या रीतीने होतो. अगदी तान्ह्यांच्या तळपायाचे किंवा तळव्यांचे ठसे घेतात, तेच खवले. दोन वर्षांची मुलं कापसाचा बोळा फडक्यात बांधून त्याने रंग टिपतात. तीनची मुलं पातळ कागदावर स्केचपेनने रेघोट्या ओढतात आणि वर पाणी शिंपडतात, मग रंग एकमेकांत पसरतात. चार-पाचची मुलं कात्री चालवतात, घड्या घालतात.

लेक एक वर्षाचा असतानाचा मासा मी जपून ठेवलाय. सेन्सेईने कुंचल्याने त्याच्या तळपायाला निळा रंग लावला, याला गुदगुल्या झाल्या आणि याने बोटं आवळली. त्यामुळे ठशात तीनच बोटं आलीत. दुसरा कागद समोरच पडलेला होता, तरी सेन्सेईने दुसऱ्यांदा ठसा घेतला नाही. मागे तारीख लिहिली आणि वाळत टाकला. संध्याकाळी न्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, "आज त्याला बोटं आवळायची होती." पाच वर्षं झाली, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

वहिनीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली. मासे वाकडे झाले तर वाकडे टांग. तू हात लावू नकोस.

---

खडू-फळा | २६ एप्रिल

रानजाई, शेवटचं वाक्य वाचून थांबले. मी पुण्यात पहिली-दुसरीला शिकवते. आधी ज्या शाळेत होते तिथे हस्तकामाचं प्रदर्शन भरायचं आणि निम्म्या वस्तू आयांनी रात्री जागून केलेल्या असायच्या. एका मुलीने मला तिच्या नावाची चिठ्ठी लावलेला आकाशकंदील दाखवून विचारलं होतं, "बाई, हा मी कसा केला?" बक्षीस त्यालाच मिळालं. मी बैठकीत बोलले, पण उपयोग झाला नाही.

आता कामाचे प्रश्न. एका वेळी चाळीस मुलं असतील तर काय करता येईल? तुम्ही शीर्षकात शिरस्त्राण म्हटलंय, ते वर्तमानपत्राचं कसं करतात? आणि कोणता कागद घ्यायचा?

---

रानजाई | २७ एप्रिल

चाळीस मुलांना शिरस्त्राणच उत्तम, डिंक लागत नाही. त्याला 'काबुतो' म्हणतात, सामुराई योद्ध्याचं शिरस्त्राण. ५ मेला घरोघरी खऱ्या शिरस्त्राणाची छोटी प्रतिकृती मांडतात आणि मुलं कागदाची घालून हिंडतात.

वर्तमानपत्राचा चौकोन कापा, चारी बाजू सारख्या. समोरासमोरचे कोपरे जुळवून त्रिकोण करा. घडी वरच्या बाजूला आणि टोक खाली. डावं आणि उजवं टोक खालच्या टोकावर आणा, पतंगासारखा आकार होईल. खाली आलेली ती दोन सुटी टोकं आता उचलून वरच्या टोकाला लावा. मग तीच थोडी तिरपी करून बाहेरच्या अंगाला दुमडा, ही शिंगं झाली. खाली अजून दोन पदर राहतात. पुढचा पदर आधी अर्धामुर्धा वर घ्या, मग आडव्या मध्यरेषेवर पुन्हा दुमडा, ही कपाळपट्टी. मागचा पदर आत खोचून टाका. झालं.

शिंगं किती बाहेर काढायची ते मुलांवर सोडा. आमच्या वर्गातल्या एकाचं एक शिंग आडवं आणि एक जवळजवळ उभं आहे, आणि तो दिवसभर ते काढत नाही.

---

त्रिकोणमिती | २७ एप्रिल

निवृत्त गणित शिक्षक आहे, म्हणून हिशोब करून पाहिला. चौकोनाची बाजू १ धरली तर टोपीचं तोंड सपाट असताना ०.७०७ भरतं, म्हणजे घेर त्याच्या दुप्पट, १.४१. अर्थात २ चं वर्गमूळ. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५२ सेंमी. ४० सेंमीचा चौकोन घेतला तर घेर ५६ येतो, घड्यांच्या जाडीत थोडा जातो आणि नेमकी बसते. दाट केस किंवा वेण्या असतील तर ४५ चा घ्यावा.

सातवी-आठवीच्या मुलांना हे उलट विचारा. आधी एकमेकांची डोकी मोजू द्या आणि कागद किती कापायचा ते त्यांनाच काढू द्या. कर्णाचं सूत्र डोक्यावर बसलं की विसरत नाही.

---

मिझुहो_पुणे | २७ एप्रिल

जपानी शिकवते, थोडा इतिहास लिहिते.

एदो काळात, म्हणजे तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांची (लष्करी राज्यकर्त्यांची) सत्ता होती तेव्हा, त्यांनी वर्षातले पाच सण अधिकृत केले होते. तेव्हाच्या चांद्र कॅलेंडरातल्या पहिल्या महिन्याची ७, तिसऱ्याची ३, पाचव्याची ५, सातव्याची ७ आणि नवव्याची ९ अशा त्या तिथी. पाचव्या महिन्यातल्या ५ चा, आजच्या ५ मेचा, तो 'तांगो नो सेक्कु'. मूळ चीनचा, पाचव्या चांद्रमासातल्या पंचमीचा, रोगराई टाळण्यासाठी सुवासिक पाला दाराला आणि छपराला लावायचा दिवस. साधारण आपल्या ज्येष्ठातला. त्या पाल्यातली 'शोबु' नावाची वनस्पती इथे महत्त्वाची ठरली, कारण 'शौर्याला मान देणं' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही शोबु असाच आहे. त्यामुळे सामुराई घराण्यांनी तो दिवस मुलग्यांचा करून टाकला. दारात ते कुलचिन्हांची निशाणं उभारायचे. शहरातल्या व्यापारी-कारागीर लोकांनी त्याला जोड म्हणून कागदी मासे फडकवायला सुरुवात केली. म्हणजे कोइनोबोरी ही सामान्य माणसांची निर्मिती, मला हे फार आवडतं. हिरोशिगे या चित्रकाराचं १८५७ चं, तोक्योतल्या सुइदोबाशी पुलाचं चित्र पाहा. पुलावरच्या माणसांवर आणि फुजी पर्वतावर एक प्रचंड मासा पसरलाय, आणि तो काळा आहे. लाल-निळे पुढचे.

१८७३ मध्ये चांद्र कॅलेंडर जाऊन आजचं सौर कॅलेंडर आलं आणि हे पाच सण सरकारी यादीतून गेले. लोकांनी मात्र सोडले नाहीत, फक्त तारीख पावसाळ्यातून वसंतात आली. युद्धानंतर १९४८ च्या सुट्ट्यांच्या कायद्यात ५ मे हा सगळ्या मुलांचा दिवस ठरला. मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा आदर करावा, त्यांच्या सुखाचा विचार करावा आणि आईचे आभार मानावेत, असा त्याचा उद्देश कायद्यातच लिहिलेला आहे. १९४९ मध्ये तो पहिल्यांदा पाळला गेला.

१९४९ वरून आठवलं. तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती युद्धात, १९४३ मध्ये, उपाशी ठेवून मारले गेले होते. युद्धानंतर तिथल्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली की आम्हाला हत्ती पाठवा. १९४९ च्याच सप्टेंबरमध्ये 'इंदिरा' नावाची हत्तीण तोक्योत पोहोचली आणि १९८३ पर्यंत तिथल्या मुलांमध्ये राहिली. दरवर्षी मी ५ मेच्या आसपास विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगते. ज्यांच्या वाढदिवशी आपला बालदिन असतो, त्यांनीच ती हत्तीण पाठवली.

---

आजीचा_बटवा | २८ एप्रिल

मिझुहो, तुम्ही ज्याला शोबु म्हणता ते म्हणजे आपलं वेखंड!

माझ्या नातीच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात चित्र पाहून खात्री केली. तलवारीसारखी लांब पानं, पाणथळ जागा, पान चुरडलं की येणारा वास. लोक फुलं येणाऱ्या आयरिसशी गल्लत करतात, पण अंघोळीच्या पाण्यात घालतात ते वेखंड.

आपण कंद वापरतो. बाळाला न्हाऊ घातल्यावर टाळूवर वेखंडाची पूड, शेगडीवर ओव्याबरोबर वेखंडाची धुरी. वाचा फुटावी म्हणून उगाळून जिभेवर लावायची रीतही होती. संस्कृत नावच 'वचा'. पोटात देण्याबद्दल मात्र आजच्या आयांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आमच्या काळचं सगळंच चालवू नये. ज्या मुळीने आपण बाळाचं डोकं जपतो, त्याच झाडाच्या पानांनी तिकडची आई मुलाला अंघोळ घालते. मी आज दिवसभर याच विचारात आहे.

---

रानजाई | २८ एप्रिल

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

४-५ मेला इथल्या सुपरमार्केटमध्ये शोबुच्या पानांच्या जुड्या येतात. पहिल्या वर्षी आणल्या, टबातल्या गरम पाण्यात सोडल्या आणि वाफेला जो वास आला तो मला इतका ओळखीचा वाटला की मी तिथेच बसून राहिले. कुठला ते आठवेना. आईच्या लोखंडी पेटीतला असेल असं वाटत होतं. आज कळलं. माझ्या बाळंतपणात आई इथे येऊ शकली नव्हती.

इथे मुलं ते पान डोक्याला पट्टीसारखं बांधतात, डोकं तल्लख होतं म्हणतात. लेकाला बांधते मी. यंदा बांधताना वेखंड असंच म्हणेन.

---

सह्यकडा | २८ एप्रिल

माहिती चांगली आहे, सगळी वाचली. पण मला एक मनापासून विचारायचं आहे. आमच्या गल्लीत दिवाळीत पंधरा-सोळा किल्ले व्हायचे. माती चाळायची, दगड रचायचे, बुरूज लिंपायचे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची. मागच्या वर्षी चार होते आणि त्यातले दोन बाजारातून आणलेले, प्लास्टरचे. आपल्याच मुलांच्या हातून माती सुटत चालली असताना शाळेच्या वेळेत जपानी मासे कशाला? शिक्षकांचा वेळ मोजका असतो. तो आधी आपल्या गोष्टींना द्यावा असं मला वाटतं.

---

वऱ्हाडी_पाहुणा | २८ एप्रिल

सह्यकडा, तुमची कळकळ पटते. आमच्या नागपुरात तान्हा पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून निघतात, झूल, गोंडे, बेगड, आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. माझा बैल आजोबांनी सुताराकडून करवून घेतला होता, चाकं मी स्वतः रंगवली होती, एक आजही डगमगतं. पण मला वाटतं ज्या पोराने स्वतः बैल सजवलाय त्यालाच कोइनोबोरी लवकर कळेल, आणि उलटही. दोन्हीकडे पोराच्या हातात वस्तू असते आणि ती घेऊन ते चारचौघांत जातं.

आणखी एक. पोळ्याच्या दिवशीच पिठोरी अमावास्या, म्हणजे आपला मातृदिन. जपानी कायद्यात मुलांच्या दिवशी आईचे आभार मानायला सांगितलेत, हे वाचून बरं वाटलं.

---

खडू-फळा | २९ एप्रिल

सह्यकडा, मी दोन्ही करते, म्हणून अनुभवावरून लिहिते. मागच्या वर्षी वर्गात आम्ही वेगवेगळ्या देशांतल्या मुलांच्या वस्तू केल्या. त्यात पतंगाच्या कागदाची झिरमिळ्यांची नळी केली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ही तर कंदिलाची शेपटी!" बरोबरच होतं. तीच कामटी, तोच कागद, तीच खळ. मग कामट्या कशा सोलतात, कंदिलाचा सांगाडा कसा बांधतात यावर गाडी गेली आणि दिवाळीत त्या वर्गातल्या अकरा मुलांनी घरी कंदील स्वतः बांधले. किल्ल्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तुमच्या गल्लीतले ते दोन प्लास्टरचे किल्ले मुलांच्या हातून सुटले ते मोठ्यांना तयार वस्तू सोपी पडली म्हणून. तेच संकट जपानमध्येही असणार, नाही का रानजाई?

---

रानजाई | २९ एप्रिल

आहेच. बाल्कनीत लावायचे नायलॉनचे तयार मासे सगळीकडे मिळतात आणि उंच काठी उभारायला तोक्योत अंगण आहे कुणाकडे! हाताने रंगवलेले कापडी मासे आता थोड्या ठिकाणी उरलेत. गिफु प्रांतात गुजो-हाचिमान नावाचं गाव आहे. तिथे चिकट तांदळाच्या लगद्याने कापडावर रेघा ओढतात, म्हणजे एका भागाचा रंग दुसऱ्यात उतरत नाही, आणि मग ऐन कडाक्याच्या थंडीत नदीच्या वाहत्या पाण्यात उभं राहून तो लगदा धुऊन काढतात. बर्फगार पाण्याने कापड आवळतं आणि रंग उजळतात असं सांगतात. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. पाण्यात लांबच लांब लाल-काळे मासे पसरलेले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून ब्रश फिरवणारी माणसं. पाच मिनिटं हात बुडवून पाहिला, बोटं बधिर झाली.

मोठ्या गोष्टीही होतात. तोक्योशेजारच्या साइतामा प्रांतातलं काझो गाव १०० मीटर लांबीचा मासा क्रेनने उचलून उडवतं. तोक्यो टॉवर ३३३ मीटर उंच, म्हणून तिथे ३३३ मासे लावतात. पाहायला छान. लेकाला मात्र त्याच्या वर्गाने जुन्या चादरीवर केलेला मासाच जगातला सर्वांत मोठा वाटतो.

---

नागोयाकर | ३० एप्रिल

मला दोन मुली आहेत, म्हणून हे लिहावंसं वाटलं. कायद्याने ५ मे सगळ्या मुलांचा झाला, तरी दुकानांतली शिरस्त्राणं आजही मुलग्यांसाठीच मांडलेली असतात. मुलींचा सण ३ मार्चचा, हिनामात्सुरी, बाहुल्यांचा. त्या बाहुल्या सण संपला की लगेच आवरायच्या, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं असं सासवा-आज्या सांगतात! शेजारच्या आजींनी मलाही प्रेमाने सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि बाहुल्या पंधरा दिवस ठेवल्या, कारण त्या धाकटीने अंड्याच्या टरफलांच्या केल्या होत्या आणि तिला त्या हव्या होत्या.

शाळेत मात्र असा भेद मी पाहिला नाही. सगळी मुलं मार्चमध्ये बाहुल्या करतात आणि एप्रिलमध्ये मासे आणि शिरस्त्राणं. मोठीचा मासा जांभळा होता, खवल्यांच्या जागी चांदण्या. रानजाईंच्या वहिनींना एवढीच विनंती, कोणता मासा कोणाचा हे मुलींवर मुलांवर वाटून देऊ नका.

---

उत्तररंग | १ मे

सेंदाईला असतो. एक गोष्ट सांगायची राहू नये म्हणून लिहितो. इथून जवळ हिगाशीमात्सुशिमा म्हणून किनाऱ्यावरचं गाव आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत तिथली खूप मुलं गेली. एका तरुणाला उद्ध्वस्त घराच्या चिखलात धाकट्या भावाचा निळा मासा सापडला. त्याने तो धुऊन उभारला. तेव्हापासून दरवर्षी देशभरातून लोक निळे मासे पाठवतात आणि तिथे शेकडोंनी फक्त निळेच मासे उडतात. मुलांचा रंग निळा, म्हणून निळे. मी दोनदा गेलोय. वारा असला की नायलॉनचा फडफडाट इतका मोठा असतो की शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि बोलावंसंही वाटत नाही.

---

आजीचा_बटवा | १ मे

वाचलं. देव त्या लेकरांना सुखात ठेवो.

---

खडू-फळा | २ मे

रानजाई, खाण्याचं राहिलं. शिबिरात मुलांना काय द्यायचं?

---

रानजाई | २ मे

इकडे 'काशिवामोची' असते, तांदळाची मऊ पारी, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण आणि बाहेर काशिवा या ओकच्या जातीचं पान. नवी पालवी फुटेपर्यंत या झाडाची जुनी पानं गळत नाहीत, म्हणून घराणं अखंड राहो असा त्याचा अर्थ. ओसाकाकडे बांबूच्या पानात गुंडाळलेली 'चिमाकी' करतात. मोची घशात अडकू शकते, त्यामुळे आमच्या होइकुएनमध्ये लहानांना देत नाहीत.

वहिनीला मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या सुचवल्या. तांदूळ, गोड सारण, पानाचा वास आणि पान सोलून टाकायचं, सगळं जुळतं. पण मेमध्ये हळदीची पानं कुठली? ती श्रावणाची. मग केळीच्या पानातल्या पानग्या करायचं ठरलंय.

---

कृष्णाकाठ | १९ मे

मीच ती वहिनी. शिबिर परवा संपलं. वन्संनी या चर्चेचा धागा पाठवला होता, सगळा छापून भिंतीला लावला होता. काय काय झालं ते लिहिते.

एकूण सत्तावीस मुलं, सहा ते तेरा वर्षांची. पहिल्या दिवशी शिरस्त्राणं. त्रिकोणमिती सर, तुमची डोकी मोजायची युक्ती जमली. मोठ्या मुलांनी लहानांची डोकी सुतळीने मोजली, भिंतीवर तक्ता केला आणि कागद कापून दिले. घड्यांमध्ये टोकं वर न्यायची पायरी सहा वर्षांच्यांना जड गेली, तिथे एकेका मोठ्याला शेजारी बसवलं. हात लावायचा नाही, फक्त आपला कागद दाखवायचा, असं बजावलं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे. पतंगाचा कागद घेतला. खवल्यांसाठी भेंडी आडवी कापून तिचे ठसे, ते कोणालाच शिकवावं लागलं नाही. घाईत खळ पातळ झाली आणि सहा-सात मासे ओले होऊन फाटले. दोन लहानगी रडली. दुसऱ्या दिवशी खळ घट्ट शिजवली, तोंडाकडे कार्डपेपरची पट्टी लावली आणि तिला तीन जागी सारख्या लांबीचे दोरे. दोरे कमीजास्त झाले की मासा एका अंगावर पडतो.

मोठ्या माशासाठी कापड शोधत होते. मामंजींनी ऐकलं आणि स्वतः कपाट उघडून एक धोतर काढून दिलं. म्हणाले, "आता कुठे नेसतो मी." साडेतीन मीटरचा तुकडा लांबीत दुमडून शिवला, तोंडाला बुरूड आळीतून आणलेल्या कामटीचं कडं. पोरांनी तो काळा रंगवला. खवले सगळ्यांच्या तळव्यांचे, सत्तावीस डावे, सत्तावीस उजवे. मामंजींचेही घेतले, तो एक खवला शेपटीजवळ आहे.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर नेला. वारा छान होता. बांबूला बांधून वर केला तर मासा फुगला आणि तसाच लोंबत राहिला, उशीसारखा. पोहेना. आम्ही दोरे बदलले, काठी फिरवली. शेवटी नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "काकू, वारा आत गेला पण बाहेर कुठून जाणार?" शिवताना शेपटीची बाजू मी बंद करून टाकली होती. तिथेच दाताने टाके उसवले. पुन्हा वर केला आणि मासा आडवा झाला, सळसळत, शेपूट हलवत. सगळी पोरं एकदम ओरडली. नदीपलीकडून म्हशी घेऊन निघालेले लोक थांबून बघत होते.

सह्यकडांसाठी मुद्दाम लिहिते. शेवटच्या दिवशी पुढच्या शिबिरात काय करायचं विचारलं तर चिठ्ठ्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा 'किल्ला' आलं. मेमध्ये माती वाळलेली असते, पण करू.

पानग्या संपल्या, त्यांचा फोटो काढायचा राहिला.

---

सह्यकडा | १९ मे

कृष्णाकाठ, मिरजेला असतो. पुढच्या वर्षी माती मी आणतो, चाळून.

---

नागोयाकर | १९ मे

त्या नऊ वर्षांच्या मुलीला माझ्याकडून एक मोठी शाबासकी द्या.

---

रानजाई | २० मे

वहिनी, व्हिडिओ मिळाला. लेकाने काल रात्री तीनदा पाहिला. काळा मासा म्हणजे बाबा, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण धोतर कोणाचं आणि शेपटीजवळचा तो मोठा हात कोणाचा, ते सांगितल्यावर थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग हा आजोबा."

बाबांना आत्ताच फोन करते.